कादंबरी : एका नावाशी तह

'कादंबरी' हा शब्द मला फार वर्षे खटकत होता. साहित्यप्रकाराचे नाव म्हणून तो फसलेला आहे असे माझे ठाम मत होते आणि ते मी कधी झाकून ठेवले नाही. महाविद्यालयात मराठी शिकवत असताना दर जूनमध्ये नव्या वर्गासमोर मी ते मांडत असे. इंग्रजीतल्या 'नॉव्हेल'च्या पोटात 'नवे' हा अर्थ आहे. इटालियन 'नोव्हेला'शी, म्हणजे नव्या ताज्या गोष्टीशी, त्याचे नाते आहे. बंगालीने 'उपन्यास' घेतला, हिंदीनेही तोच स्वीकारला. गुजरातीने 'नवलकथा' घडवली. तेलुगूने 'नवल' केले, मल्याळमने 'नोवल' जवळजवळ आहे तसा ठेवला. आणि आपण काय केले? बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या एका संस्कृत ग्रंथाचे, म्हणजे पर्यायाने त्यातल्या गंधर्वकन्येचे नाव उचलले आणि कारकून, शेतकरी, विधवा, गिरणीकामगार अशा सगळ्यांच्या गोष्टींवर चिकटवून दिले. "उद्या मोलकरणीच्या आयुष्यावरच्या नाटकालाही शाकुंतलच म्हणाल का?" असे मी विचारी, आणि वर्ग हसे. हशा मिळाला की शिक्षकाला आपला मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

आज माझे मत तसे राहिलेले नाही. निवृत्तीनंतर या शब्दाविरुद्ध एक सविस्तर लेख लिहावा म्हणून मी पुरावे गोळा करायला बसले, आणि एकेक साक्षीदार माझ्यावरच उलटू लागला. तो लेख लिहून झाला नाही. त्याच्या जागी हे मनोगत लिहीत आहे.

माझ्या तक्रारी तीन होत्या. पहिली, हा शब्द शास्त्री-पंडितांनी वरून लादला. दुसरी, त्याच्याबरोबर राजपुत्र, गंधर्व, शाप, पुनर्जन्म असे अद्भुताचे सगळे बिऱ्हाड मराठीत आले आणि वास्तवाकडे पाहायला आपल्याला उशीर झाला. तिसरी, या नावात आपल्या मातीचे काहीच नाही.

पहिल्या तक्रारीपासून सुरुवात केली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'चे नाव घेतो. ती १८५७ सालची. तिचे उपशीर्षक हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे 'निरूपण' असे आहे. कीर्तनकाराच्या तोंडी शोभणारा शब्द एका ख्रिस्ती लेखकाने नव्या गद्यकथेला लावला, हेच मला आधी थबकवणारे होते. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. पुढे नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. ही नावे ओळीने वाचा : यमुना, मुक्तामाला, मंजुघोषा. पुस्तकाला नायिकेचे नाव द्यायचे, ही बाणभट्टाचीच रीत. तोवर प्रकाराचे नाव पक्के झाले असो वा नसो, त्या नावामागची सवय आधीच मराठीत येऊन बसली होती.

नावाबद्दल मात्र बरीच वर्षे एकमत नव्हते. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा १८७२ सालचा प्रसिद्ध निबंध 'नावल व नाटक' या विषयावर आहे. म्हणजे 'नावल' हा शब्द तेव्हा हाताशी होता, छापला जात होता, शिकलेल्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. पुढे तीस वर्षांनी, १९०२ साली, वि. का. राजवाडे या प्रकारावर दीर्घ निबंध लिहितात तेव्हा त्याचे शीर्षक असते 'कादंबरी'. या दोन शीर्षकांच्या मधल्या काळात कोणत्याही परिषदेने ठराव केला नाही, कोणत्या समितीने परिभाषाकोश काढला नाही. १८९० साली ह. ना. आपट्यांचे 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू झाले. ते हप्त्याहप्त्याने वाचणारी जी मंडळी घरोघर होती, त्यांनी हा निकाल लावला. दोन शब्द बाजारात होते. एक चालला, दुसरा पडला.

का चालला, याचे उत्तर मला व्याकरणात सापडले. 'कादंबरी' हा ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द. भाकरी, पायरी, कोठडी यांच्या पंगतीत तो बसतो. अनेकवचन सहज होते, सामान्यरूप अडत नाही, 'कार' लावला की लेखक तयार. 'नावल'चे तसे नव्हते. ते पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, इथपासून घोळ. शिवाय कानाला ते 'नवल' वाटे. मी ज्या 'नवलकथे'ची शिफारस करत असे, तिचीही हीच अडचण आहे. मराठीत नवल म्हणजे आश्चर्य. 'नवलकथा' म्हटले की डोळ्यांपुढे उडता गालिचा येतो. वास्तवाच्या बाजूने भांडताना मी अद्भुताचाच पुरस्कार करत होते! आणि 'उपन्यास'? संस्कृतात त्याचा अर्थ जवळ ठेवणे, मांडणे, विधान करणे. कन्नडमध्ये आणि तेलुगूत उपन्यास म्हणजे आजही व्याख्यान. सोलापूरच्या किंवा बेळगावच्या माणसाला 'आज संध्याकाळी उपन्यास आहे' असे सांगितले तर तो सभागृहात जाऊन बसेल.

कन्नडनेही या प्रकाराला 'कादंबरी'च म्हटले आहे, कोकणीनेही. कन्नडमध्ये तर नागवर्माने सुमारे हजार वर्षांपूर्वी 'कर्णाटक कादंबरी' हे चंपूकाव्य रचून बाणाची कथा आपल्या भाषेत आणली होती. गंमत म्हणजे जुन्या गुजरातीत भालण कवीची 'कादंबरी' आहे. तरी आधुनिक गुजरातीने 'नवलकथा' पसंत केली. यावरून एवढेच दिसते की ज्याच्याकडे जुनी कादंबरी होती त्याने हे नाव घेतलेच असे नाही. प्रत्येक भाषेने आपल्या जिभेला रुचेल ते उचलले. लादण्याची माझी तक्रार इथे निकालात निघाली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती आणि तिच्यासाठी मूळ ग्रंथ वाचणे भाग होते. तोवर माझे ज्ञान सारांशावरच चालले होते. बाणाचा गद्यग्रंथ लांबलचक समासांसाठी बदनाम आहे. जर्मन पंडित वेबर याने त्याची तुलना हिंदुस्थानातल्या घनदाट रानाशी केली आणि वाट तोडत जावे लागते अशी तक्रार केली, ती प्रत्येक संस्कृत वाङ्मयेतिहासात येते. मीही ती शिकवली होती. आता दोन भाषांतरे बाजूला ठेवून, अडखळत, मूळ वाचले. समास खरेच लांब आहेत. पान पान क्रियापद येत नाही. पण त्या रानात काय आहे, हे त्या तक्रारीत कुठेच सांगितलेले नव्हते.

कथा सुरू होते विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात. एक चांडाळ तरुणी येते. तिला जवळ यायची मुभा नाही. म्हणून ती दुरूनच हातातली वेळूची काठी जमिनीवर आपटते आणि सगळा दरबार वळून पाहतो. तिने आणलेला पोपट राजाला आपली जन्मकथा सांगू लागतो. विंध्याच्या अरण्यात, पंपा सरोवराकाठी, एका जुन्या सावरीच्या झाडाच्या ढोलीत तो जन्मला. त्याला जन्म देताना आई गेली. म्हाताऱ्या बापाने त्याला वाढवले. एके दिवशी शबरांची शिकारी टोळी रानात येते आणि निघून जाते. पण हाती काहीच न लागलेला एक म्हातारा शबर मागे रेंगाळतो, झाडावर चढतो आणि ढोलीतून एकेक पोपट काढून, मान मुरगाळून खाली टाकतो. बाप पिलाला पंखाखाली घेतो. बापाचा जीव जातो. पंखाखालचे पिलू पाचोळ्यावर पडून वाचते आणि सरपटत पळ काढते. त्याला तहान लागलेली असते, आणि आपला बाप मेला असताना आपल्याला तहान कशी लागते याची त्याला लाज वाटते.

या जागी मी पुस्तक मिटून ठेवले. वाचलेल्याला वाटणारी ही लाज मी आधुनिक युद्धकादंबऱ्यांची देणगी समजत होते. इथे ती सातव्या शतकात एका पोपटाच्या तोंडी होती. पुढे बाणाच्याच 'हर्षचरिता'त त्याने सांगितलेले स्वतःचे बालपण पडताळले. शोण नदीजवळच्या प्रीतिकूट गावात तो वाढला. आई लहानपणीच गेली, बापाने आईच्या मायेने वाढवले आणि बाण चौदा वर्षांचा असताना बापही गेला. ढोलीतले ते पिलू कोण, हे वेगळे सांगायला नको. स्वतःच्या दुःखाला दुसऱ्याचे तोंड देणे हे कादंबरीकाराचे मूळ काम. बाणाने ते केले होते.

मग शुकनास. राजपुत्र चंद्रापीडाला यौवराज्याभिषेक होण्याआधी म्हातारा मंत्री शुकनास त्याला चार शब्द सांगतो. पाठशाळांतून हा भाग स्वतंत्रपणे शिकवतात, म्हणून तो उपदेशाचा कंटाळवाणा तुकडा असेल असा माझा ग्रह होता. प्रत्यक्षात तो सत्तेच्या मानसशास्त्राचा अहवाल आहे. लक्ष्मी कोणाकडे टिकत नाही, हे तर आहेच. पण खुशामतखोर राजाला हळूहळू कसे पटवतात, की त्याच्या दोन हातांत आणखी दोन हात लपले आहेत आणि कपाळाच्या कातड्याखाली तिसरा डोळा आहे. मग तो थोरांना नमस्कार करत नाही, दर्शन देण्यालाही उपकार समजतो, खरे बोलणाऱ्यावर चिडतो. हे सगळे लिहिणारा लेखक हर्षवर्धन सम्राटाच्या आश्रयाला होता, हे लक्षात घेऊन वाचावे. राजकीय कादंबरीच्या शोधात आपण कुठकुठे फिरतो!

आणि महाश्वेता. अच्छोद सरोवराकाठच्या शिवमंदिरात एकटी वीणेवर गाणारी ही तापसी आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते. आपण पुंडरीक या मुनिकुमाराच्या प्रेमात कशा पडलो, निघायला कशी चालढकल झाली, पोचेपर्यंत तो कसा गेला होता. तिच्या कथनात कोणी मध्ये पडत नाही. चंद्रापीड नुसता ऐकतो. एक बाई बोलते आहे आणि राजपुत्र मुकाट ऐकतो आहे, असा प्रसंग पानेच्या पाने चालतो. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?'मध्ये यमुना आपले वृत्त आपणच सांगते, हे मराठी कादंबरीतले मोठे वळण म्हणून मी शिकवत आले. ते मोठे आहेच. पण ज्या ग्रंथाचे नाव त्या प्रकाराला आहे, त्याचे काळीजही बाईच्या आत्मनिवेदनात आहे, हे माझ्या टिपणवहीत कधी आले नव्हते.

रचनेकडे पाहिले तर चक्रावूनच जायला होते. बाण सांगतो पोपटाचे, पोपट सांगतो जाबाली ऋषीकडून ऐकलेले, जाबालीच्या कथेत महाश्वेता बोलते. पुढे पत्रलेखा ही सेविका चंद्रापीडाला कादंबरीचे बोलणे जसेच्या तसे सांगू लागते आणि त्या बोलण्याच्या मध्येच बाणाची लेखणी थांबते. तो वारला; उरलेला भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पूर्ण केला. ज्या नायिकेवरून ग्रंथाला नाव पडले ती ग्रंथात उशिरा येते आणि बोलता बोलता मूळ लेखक जातो. शेवटी कळते ते असे : पोपटाची गोष्ट ऐकत बसलेला शूद्रक हाच पूर्वजन्मीचा चंद्रापीड. पोपट हा पुंडरीक. काठी आपटणारी चांडाळ तरुणी ही पुंडरीकाची आई, प्रत्यक्ष लक्ष्मी. राजा इतका वेळ परक्याची गोष्ट म्हणून जी ऐकत होता, ती त्याचीच निघाली.

याला अद्भुत म्हणायचे तर म्हणावे; शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, गंधर्व आहेत. पण वाचकाला त्याचीच गोष्ट त्याच्या नकळत सांगायची, ही जी युक्ती बाणाने साधली, तिच्यासाठी आपण आजही कादंबरी उघडतो. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर १९६३ साली बोलू लागला तेव्हा खेड्यांतून पुण्यात शिकायला आलेल्या कितीतरी मुलांना वाटले की हा आपल्याचबद्दल बोलतो आहे. सानेगुरुजींचा श्याम रात्रीमागून रात्र आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. ऐकणारे मित्र आणि वाचणारे आपण यांत फरक उरत नाही. सांगणारा, त्याच्यासमोर ऐकणारा आणि त्यांच्या पलीकडे वाचणारा, असे हे घडवणे मराठी कादंबरीला परके नव्हते आणि तिच्या नावालाही नव्हते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चांडाळ तरुणीला नायिकेसारखे रंगवले म्हणून बाण समतेचा पुरस्कर्ता ठरत नाही. इतके सौंदर्य विधात्याने अशा जातीत का घातले, अशी हळहळ त्याच्या राजाला वाटते. जातीची चौकट मोडावी असे वाटत नाही. शबरांचे त्याने केलेले वर्णन तर उघड तिरस्काराचे आहे. ग्रंथ थोर आहे म्हणून त्याचे सगळेच डोळे मिटून घ्यावे असे मी म्हणत नाही. आजच्या कादंबरीकडे जसे पाहतो तसेच याच्याकडेही पाहावे, एवढेच.

तिसरी तक्रार मातीची. तिचे उत्तर 'हर्षचरिता'च्या आरंभीच मिळाले. तिथे बाण आपल्या आधीच्या कवींना वंदन करतो. त्यांत कालिदास आहे, भास आहे. पण त्याच पंगतीत सातवाहनाच्या सुभाषितकोशाची स्तुती आहे, आणि तो कोश म्हणजे हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती', महाराष्ट्री प्राकृतातली, आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकापुरुषांच्या बोलण्याने भरलेली. तिथेच प्रवरसेनाच्या 'सेतु'काव्याची कीर्ती गायली आहे. तेही महाराष्ट्री प्राकृतात, आणि त्याचे कर्तृत्व विदर्भाच्या वाकाटक राजाकडे दिले जाते. तिसरा उल्लेख 'बृहत्कथे'चा. गुणाढ्याची ही महाकथा पैशाची भाषेत होती आणि परंपरा तिला सातवाहनाच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडते.

गुणाढ्याची आख्यायिका सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. राजा जलक्रीडा करत असताना राणी म्हणाली, 'मोदकैः ताडय', म्हणजे पाणी उडवू नका. राजाला 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी कळला नाही. त्याने लाडू मागवले. राणी हसली. राजा शरमला आणि संस्कृत शिकायला हटून बसला. सहा वर्षे लागतील, असे गुणाढ्य म्हणाला. दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली की तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला, विंध्यात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. असल्या भाषेतला ग्रंथ म्हणून राजाने ती नाकारली. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. जनावरे चरणे सोडून ऐकत राहिली आणि राजाच्या ताटात सुकलेले मांस येऊ लागले. चौकशी होऊन राजा धावत आला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते.

ही आख्यायिका मी मुलांना भाषेच्या अभिमानाची गोष्ट म्हणून सांगत असे. 'कादंबरी'शी तिचा संबंध मी जोडला नव्हता. पण संबंध सरळ आहे. राजाकडे एक मुलगी पोपट घेऊन येते आणि पोपट जन्मजन्मांतरीची प्रेमकथा सांगतो, ही गोष्ट 'कथासरित्सागरा'त सुमनस् राजाच्या नावाने आहे आणि 'कथासरित्सागर' हा 'बृहत्कथे'चाच संस्कृत अवतार. अभ्यासक म्हणूनच बाणाच्या कथेचे मूळ 'बृहत्कथे'त पाहतात. म्हणजे ज्या कथेला दरबाराने भाषेमुळे दाराबाहेर ठेवले, तीच पुढे संस्कृत गद्याचा मुकुटमणी झाली, आणि तिचे नाव शेवटी मराठीत परत आले. आपल्या पोपटाच्या जन्मस्थानाचे वर्णन करताना बाण अगस्त्याचा आश्रम, गोदावरी आणि पंचवटी यांची नावे घेतो, हेही जाता जाता सांगते.

बाणाला मी राजदरबारी पंडित समजत होते. तो तरुणपणी घर सोडून भटकला होता आणि 'हर्षचरिता'त त्याने आपल्या सोबत्यांची लांब यादी दिली आहे. तीत गारुडी आहे, सोनार आहे, चितारी आहे, मृदंग वाजवणारा आहे, जुगारी आहे. पोथी वाचून दाखवणारा सुदृष्टी आहे, गोष्टी सांगणारा जयसेन आहे. आणि ईशान नावाचा एक 'भाषाकवी' आहे, म्हणजे लोकभाषेत रचना करणारा. अशा टोळक्यात कान तयार झालेल्या माणसाच्या ग्रंथावरून आपल्या गद्यकथेचे नाव पडले असेल, तर त्यात लाजण्यासारखे मला काही दिसत नाही.

आता शब्दाच्या अर्थाकडे येते. 'कादंबरी' म्हणजे कदंबाच्या फुलांपासून केलेली मदिरा. कदंब म्हणजे आपला कळंब. कोकिळेला आणि सरस्वतीलाही हा शब्द आहे. पण कोशात आधी येते ती दारू. बाणाने ही कोटी जाणून केली आहे. त्याच्या नायिकेच्या आईचे नावच मदिरा आहे. आणि भूषणभट्ट उत्तरभागाच्या आरंभी सांगतो की कादंबरीच्या रसाने लोक इतके मत्त झाले आहेत की त्यांना कशाचे भान उरलेले नाही.

माझ्या आजीला संस्कृत येत नव्हते. तिच्या तोंडी मात्र 'कादंबऱ्या वाचते' हे वाक्य 'पत्ते खेळतो' किंवा 'पितो' याच सुरात येई. आत्या गावातल्या वाचनालयातून पुस्तक आणे आणि ते तांदळाच्या डब्यामागे ठेवी. घराघरांत हेच होते : कादंबऱ्यांनी मुली बिघडतात, डोळे जातात, दूध उतू जाते. मी हे सगळे जुनाट खूळ म्हणून सोडून दिले होते. आता वाटते, आजीला शब्दाचा मूळ अर्थ आमच्यापेक्षा पक्का कळला होता. तिला भीती नशेची होती आणि नशा खरीच होती. दूध खरेच उतू जाई. यमुनेची हकीकत वाचून आत्या जशी गप्प होई, तशी कुठले निबंधाचे पुस्तक वाचून झाल्याचे मला आठवत नाही. 'नॉव्हेल' हा शब्द प्रकाराचे वय सांगतो. 'कादंबरी' हा शब्द त्याचा परिणाम सांगतो. नावीन्य तर दीडशे वर्षांत संपले; परिणाम अजून आहे.

शब्द आपल्या मूळ अर्थाशी बांधलेले राहत नाहीत, याचा उत्तम दाखला याच घराण्यात आहे. संस्कृतात 'कथा' म्हणजे रचलेली गोष्ट आणि 'आख्यायिका' म्हणजे माहीत असलेली, घडलेली गोष्ट, असा भेद अमरकोशाने केला. त्या हिशेबाने 'कादंबरी' ही कथा आणि 'हर्षचरित' ही आख्यायिका. दोन्ही बाणानेच लिहिल्या. दंडीने मात्र 'काव्यादर्शा'त हा भेद उडवून लावला : जात एकच, नावे दोन. आज मराठीत काय आहे? आख्यायिका म्हणजे जिच्या खरेपणाची खात्री नाही ती. अर्थ पुरता उलटला आणि कोणाचे काही अडले नाही. मीही वर गुणाढ्याच्या गोष्टीला आख्यायिका म्हटले ते याच उलट्या अर्थाने. मग 'कादंबरी' या शब्दाने गंधर्वलोक सोडून चाळीत, शेतावर, कापडगिरणीत यावे याला माझीच काय ती हरकत होती.

माझे जुने मत सगळेच टाकून दिले आहे असे नाही. पहिल्या पिढीच्या मराठी कादंबऱ्यांनी बाणाकडून घ्यायचे ते घेतले नाही आणि सोडायचे ते उचलले, असे मला अजूनही वाटते. वर्णनाचा सोस, उपमांच्या रांगा, अबोल सुंदर नायिका यांची उसनवारी झाली. शुकनासाची धार आणि सांगणाऱ्यामागे सांगणारा उभा करण्याचे कसब मागे राहिले. तो दोष त्या लेखकांच्या वाचनाचा. तो मी शब्दाच्या माथी मारत होते, आणि ज्या ग्रंथाला दोष देत होते तो मीही त्यांच्यासारखाच, वरवरच्या सजावटीपुरता ओळखत होते.

तेव्हा या नावाशी मी तह केला आहे. अटी दोन. 'कादंबरी' हे प्रकाराचे नाव म्हणून योग्य आहे, ते बदलण्याची गरज नाही. ही मी मान्य केलेली अट. दुसरी अट तुमच्यासाठी, मराठी वाचकांसाठी आणि विशेषतः मराठी शिकवणाऱ्यांसाठी : ज्या ग्रंथाचे नाव आपण रोज घेतो तो एकदा, भाषांतरातून का होईना, उघडावा. सगळा जमला नाही तर ढोलीतल्या पोपटाचा प्रसंग, शुकनासाचा उपदेश आणि महाश्वेतेचे निवेदन, एवढे तीन भाग वाचावे. मराठी कादंबरीच्या पहिल्या तासाला ते शिकवावे. त्यासाठी संस्कृत येण्याची अट नाही.